सेंटर इतका वरचढ असूनही आक्रमण का अडते?

प्रश्न

मी एका युवा बास्केटबॉल संघाला मार्गदर्शन करतो. आमच्या सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या खेळाडूला, एकट्याने रोखू शकेल असा बचावपटू आमच्या स्पर्धेतील कोणत्याही संघाकडे नाही. हंगामाच्या सुरुवातीला मी इतर चौघांना एकच सूचना दिली होती की चेंडू त्याच्याकडे पोहोचवा, आणि पहिले काही सामने आम्ही त्या बळावर सहज जिंकलो. आता मात्र चेंडू त्याच्या हातात पडताच दोन बचावपटू त्याला घेरतात, बाकीचे चौघे जागच्या जागी उभे राहून पाहत राहतात आणि शॉट क्लॉकचे, म्हणजे रिंगवर नेम साधण्यासाठी मिळणारे, 24 सेकंद बघता बघता संपतात. मागच्या सामन्यात घाईने पास देताना त्याने अनेकदा चेंडू गमावला आणि शेवटच्या सत्रात तर चेंडू मागणेच सोडून दिले, याचे मला फार वाईट वाटले. आम्ही फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार खेळतो. त्याचा उपयोग नेमका कसा करावा?

उत्तर 1

तुम्ही सेंटरबद्दल विचारले आहे, पण मी आधी उरलेल्या चौघांबद्दल लिहितो, कारण दोन बचावपटू एकाला घेरतात तेव्हा तुमच्या चौघांसमोर फक्त तिघे उरतात आणि ही स्थिती कोणत्याही आक्रमणाला हवीहवीशी वाटावी अशी आहे. ते चौघे एकमेकांपासून पुरेसे दूर, शक्यतो 6.75 मीटरच्या थ्री पॉइंट रेषेबाहेर असतील, तर एका बचावपटूला दोघांवर लक्ष ठेवणे जमत नाही. ते जवळजवळ उभे असतील तर तेच तिघे चौघांना पुरून उरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ उभ्या असलेल्या सेंटरला, पास देणाऱ्याने त्यानंतर उभे राहू नये. त्याचा बचावपटू मान वळवून चेंडूकडे पाहू लागला, की त्याने त्याच क्षणी रिंगकडे धाव घ्यावी किंवा शेजारच्या गार्डसाठी (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूसाठी) स्क्रीन लावावा, म्हणजे त्याच्या बचावपटूची वाट अडवून उभे राहावे. पाहत राहणारा खेळाडू स्वतःच्या बचावपटूला मदतीला जाण्याची मोकळीक देतो, हे त्या चौघांना पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

आता सेंटरकडे वळू. त्याने चेंडू हनुवटीजवळ, कोपरे बाहेर काढून धरावा आणि पहिला ड्रिबल टाकण्यापूर्वी खांद्यावरून मैदानाच्या मध्याकडे पाहावे. अनेक संघ दुसरा बचावपटू पाठवण्यासाठी त्याच पहिल्या ड्रिबलची वाट पाहत असतात, कारण तेव्हा सेंटरची नजर खाली जाते. दुसरा बचावपटू कुठून येतो त्यावर पास ठरतो: पास देणाऱ्याचाच बचावपटू आला तर चेंडू सरळ परत त्याच्याकडे, वरून (मैदानाच्या मध्याकडून) आला तर वरच्या गार्डकडे, आणि बेसलाइनकडून (रिंगमागच्या रेषेकडून) आला तर पलीकडच्या बाजूला. सरावात पोस्टमध्ये मुद्दाम दोन बचावपटू ठेवा आणि काही वेळ फक्त पोस्टमधून निघालेल्या पासवर झालेलेच गुण मोजा. दोन-तीन आठवड्यांत त्याची घाई कमी झालेली दिसेल, असे मला मनापासून वाटते.

एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये बचावपटूला कोणालाही न रोखता पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या चौकटीत, तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही; फिबाच्या नियमांत बचावावर असे बंधन नाही, हेही ध्यानात ठेवा. ज्याचा बाहेरचा नेम कच्चा आहे, त्याचा बचावपटू पेंटमध्ये हवा तितका वेळ उभा राहू शकतो. अशा खेळाडूला कोपऱ्यात ठेवण्याऐवजी फ्री थ्रो रेषेजवळ (फाउलनंतर मिळणारा मोकळा नेम जिथून घेतात तेथे) ठेवावे आणि तेथून आत कट करायला, म्हणजे अचानक धाव घ्यायला, लावावे.

उत्तर 2

वरील उत्तराला जोड म्हणून एनबीएतील सेंटर विल्ट चेंबरलेनचे उदाहरण देतो, कारण तुमच्या प्रश्नाचे दोन्ही टोकांचे उत्तर त्या एकाच खेळाडूच्या कारकिर्दीत मिळते. 1961-62 च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी 50.4 गुण मिळवले आणि तरीही त्याचा संघ बोस्टन सेल्टिक्सकडून हरला. 1966-67 मध्ये प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांच्या हाताखाली तो कमी शॉट घेऊ लागला. त्याची सरासरी 24.1 गुणांवर आली, पण असिस्ट (ज्यांवर सहकारी गुण करतात असे पास) सामन्यामागे 7.8 झाले. त्या वर्षी त्याच्या फिलाडेल्फिया संघाने 81 पैकी 68 सामने जिंकले, सेल्टिक्सची सलग 8 विजेतेपदांची मालिका खंडित केली आणि स्पर्धाही जिंकली. संघाची ताकद वेगळी होती हे मान्य, तरीही तुमच्या सेंटरला ही दोन वर्षे शेजारी ठेवून जरूर दाखवा. चेंडू मागणे सोडलेल्या मुलाला पास देणे हेही वर्चस्वच आहे, असे कोणीतरी सांगायला हवे.

उत्तर 3

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. पाठ रिंगकडे करून उभ्या असलेल्या सेंटरला चेंडू देणे हा त्याला वापरण्याचा सर्वांत संथ मार्ग आहे, आणि घेरणाऱ्या संघाला तोच सर्वांत सोयीचा असतो. त्याला पळायला लावा. रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर उसळलेला चेंडू) आपल्या संघाकडे येताच तो सरळ समोरच्या रिंगपर्यंत धावला आणि बचाव जागेवर येण्याआधी आपल्या बचावपटूला पाठीमागे अडवून उभा राहिला, तर त्याला घेरायला दुसरा कोणी तेथे पोहोचलेलाच नसतो. मांडून खेळताना त्याच्याकडून पिक अँड रोल करून घ्या, म्हणजे त्याने सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावून लगेच रिंगकडे धावावे. धावत रिंगकडे येणाऱ्या खेळाडूला घेरणे उभ्या खेळाडूपेक्षा फार कठीण असते.

त्याचे फ्री थ्रोही तपासा. 2000 च्या एनबीए अंतिम फेरीतील दुसऱ्या सामन्यात लेकर्स संघाच्या शकील ओनील या सेंटरला 39 फ्री थ्रो मिळाले आणि त्यांतील 18 च आत गेले. लेकर्सनी तो सामना जिंकला, कारण त्याने 40 गुण केले. तुमच्या सेंटरकडून दर सामन्यात तशी अपेक्षा करता येणार नाही. फिबाच्या नियमांत एका सत्रात चार संघ-फाउल झाल्यानंतरच्या बचावातील प्रत्येक फाउलवर दोन फ्री थ्रो मिळतात, त्यामुळे रोजच्या सरावाच्या शेवटी, दमलेल्या अवस्थेत घेतलेले फ्री थ्रो तुम्हाला थेट गुण मिळवून देतील.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक अडचण उरते. काही संघ त्याच्या मागे न राहता त्याच्यासमोरच उभे राहतात, त्यामुळे पास आत जातच नाही.

उत्तर 1

तसे झाल्यास विंगवरून (मैदानाच्या बाजूकडून) हट्टाने पास देऊ नका. चेंडू फ्री थ्रो रेषेवरच्या खेळाडूकडे द्या. तेथून सेंटर आणि रिंग यांच्यामधली मोकळी जागा सरळ दिसते आणि उंच पास टाकता येतो. तेही बंद असेल तर चेंडू झटपट दुसऱ्या विंगवर फिरवा. सेंटरने मात्र चेंडूमागे धावत पेंट ओलांडू नये. जागच्या जागी वळून समोर उभ्या असलेल्या बचावपटूला पाठीवर घ्यावे, म्हणजे पास नव्या बाजूने येताना तोच बचावपटू त्याच्या मागे अडकलेला असतो. आक्रमण करणाऱ्या खेळाडूला पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, तेव्हा हे सगळे तेवढ्यात व्हायला हवे, म्हणून त्याला वळायचे केव्हा हे चेंडू हवेत असतानाच ठरवायला शिकवा. उत्तर 3 मधील धावण्याचा मुद्दा मला पूर्ण पटतो. पहिल्या सत्रात तेच करून पाहा आणि पोस्टमधला खेळ बचाव मागे सरकल्यावर सुरू करा.