मदत हवी आहे: दत्तक मुलगा, २६ महिने, अजून बोलत नाही

प्राजक्त:
मुलगा ओडिशातल्या शिशुगृहातून २४ महिन्यांचा असताना घरी आला. जन्मापासून तिथेच होता. घरी फक्त मराठी. हाक मारली की बघतो, ‘चल भूर’ म्हटलं की चप्पल आणतो. शब्द दोनच, तेही अधूनमधून. काही हवं असलं तर बोट दाखवत नाही, रडतही नाही, नुसता उभा राहतो. वैद्यकीय अहवालात ‘श्रवण सामान्य’ एवढंच लिहिलंय. डॉक्टर म्हणतात रुळू द्या, सहा महिन्यांनी पाहू. थांबावं का? रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये संस्थेतल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात २४ महिन्यांनंतर कुटुंबात गेलेल्या मुलांची भाषा मागे राहते असं वाचल्यापासून धास्ती बसली आहे.

कर्णफूल:
थांबू नका. पण थेरपीच्या आधी कान. ‘श्रवण सामान्य’ म्हणजे बऱ्याचदा टाळी वाजवून पाहिलेलं असतं, आणि टाळीला वळणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’ ऐकू येत नसतील. टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल), ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद) आणि बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदूचा प्रतिसाद), तिन्ही तपासण्या करून घ्या. टिंपॅनोमेट्रीचा आलेख सपाट आला तर बहुधा पडद्यामागे पाणी साठलंय. त्यामुळे ओएईही नापास होते आणि लोक उगाच हाय खातात. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं: दुपारच्या झोपेची वेळ मागा, सकाळी तासभर लवकर उठवा, वाटेत गाडीत डोळा लागू देऊ नका. नाहीतर झोपेचं औषध द्यावं लागतं. मुंबईत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था, इतरत्र जिल्ह्याच्या डीईआयसीत (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र) चौकशी करा.

शब्दवेल:
२०००-०१मध्ये सुरू झालेल्या त्या बुखारेस्टच्या प्रकल्पात संस्थेतली १३६ मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी फोस्टर (दत्तक न घेता सांभाळणाऱ्या) कुटुंबांत गेली, निम्मी संस्थेतल्याच देखभालीवर राहिली. १५ महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेल्यांची भाषा साडेतीन वर्षांची होईतो इतर मुलांच्या बरोबरीला आली, २४ नंतर गेलेल्यांची बरीच मागे राहिली. हे खरं, पण ती गटाची सरासरी आहे, तुमच्या मुलाचं भाकीत नव्हे. शिवाय ती मुलं रोमानियनमधून रोमानियनमध्येच गेली. तुमचा ओडियातून मराठीत आलाय. दोन महिन्यांत शब्द किती, हे विचारण्यात अर्थ नाही. समजतं किती आणि ते दर पंधरवड्याला वाढतंय का, हे मोजा.

मोजताना ‘चल भूर’ची ती चप्पल धरू नका. तुम्ही ओढणी घेता, दाराकडे वळता, तो ते वाचतो. शब्द कळत नसले तरी मुलं हालचालींवरून अंदाज बांधतात. समोर वाटी, बॉल, चप्पल ठेवा, हात पाठीमागे, नजर त्याच्या चेहऱ्यावर, आणि साध्या आवाजात ‘बॉल दे’. वेगवेगळ्या दिवशी तीनदा जमलं तरच शब्द वहीत.

मला शब्दांपेक्षा बोट न दाखवणं जास्त खटकतं. जेवण, झोप, शी सगळं घड्याळावर आणि एका मावशीमागे बरीच मुलं असली की मागून काही मिळत नाही, मग मागणंच थांबतं. तरीही विकासतज्ज्ञांची वेळ आत्ताच घ्या. ते स्वमग्नताही (ऑटिझम) तपासतील. पहिल्याच भेटीत शिक्का मारायची घाई मात्र नको.

प्राजक्त:
घरी काय करू? एका थेरपिस्टनी सांगितलं, बोलल्याशिवाय काही द्यायचं नाही.

कर्णफूल:
खाण्यापिण्याला हा नियम अजिबात नको! पुढचं जेवण मिळणार याची खात्री अजून त्याला बसायची आहे. साबणाच्या फुग्यांना चालेल. एकदा उडवा, बाटली घट्ट बंद करून त्याच्या हातात द्या, गप्प राहून मनात दहा मोजा. त्याने बाटली पुढे केली किंवा नुसतं ‘उं’ केलं तरी ‘उघड!’ म्हणत लगेच उघडा. ओडिया शिकत बसू नका. पाणी, भात दोन्हीकडे जवळपास तेच. ‘आस’ म्हणजे ये, तेवढं सुरुवातीला ‘आस, ये’ असं जोडून म्हणा. टीव्ही बंद. प्लेग्रुप सध्या नको, एक बाई आणि खोलीभर मुलं हे त्याने पुष्कळ पाहिलंय.

शब्दवेल:
जिभेला वेखंड उगाळून लावायचा सल्ला येईलच. त्याने बोलणं येत नाही. बेराचा निकाल इथे टाकाल तेव्हा नुसतं ‘नॉर्मल’ नको, दोन्ही कानांचे डेसिबलचे आकडे लिहा.