बॉम्बपेक्षा सुट्या भागांची धास्ती जास्त

'एखादा देश गुपचूप अतिरेक्यांना अणुबॉम्ब देईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. स्फोटानंतरच्या धुळीतल्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून इंधन कोणतं, कसं तयार केलेलं, याचा बराच माग काढता येतो. तो आपल्या दारापर्यंत येईल ही भीती कुठल्याही राजवटीला असते. मला खरी धास्ती वाटते ती सुटे भाग पुरवणाऱ्या दलालांची.

ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाला निघालेलं 'बीबीसी चायना' जहाज अडवलं, तेव्हा त्यात सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे, भाग सापडले. पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या तस्करीच्या जाळ्याने ते मलेशियातल्या एका कारखान्यातून करून घेतले होते. तेल आणि वायू उद्योगाचं काम आहे असं वाटलं, हा कारखान्याचा खुलासा. मला तो अशक्य वाटत नाही. आमच्या शिरोली एमआयडीसीत ड्रॉइंग येतं त्यावर पार्ट नंबर, मटेरियलचा ग्रेड आणि मायक्रॉनमधला टॉलरन्स (मापात चालणारा फरक), बास. भाग कशात बसणार हे कुठंच नसतं. लिबियाच्या वेळी गिऱ्हाईक निदान एक देश होता; असा दलाल उद्या कुणालाही माल देईल. इथल्या कारखानदारांनी निर्यातीची ऑर्डर घेताना शेवटचा वापरकर्ता कोण हे लेखी मागावं, माल 'स्कोमेट' यादीत, म्हणजे निर्यातीला सरकारी परवाना लागणाऱ्या संवेदनशील वस्तूंच्या भारताच्या यादीत, बसतो का तेही बघावं. मधला माणूस चिडला तर चिडू दे.