प्रतिसाद: सांगली कारागृहातला पहिला दिवस
ताई, भावाला सांगलीच्या कारागृहात नेलंय, आत काय होईल, असं विचारलंत. आधी वॉरंट पाहून नोंद, मग अंगझडती, पैसे-वस्तू जमा. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, आणि ती फार महत्त्वाची. कारागृह कायद्यानुसार अंगावरच्या जखमा, व्रण वहीत लिहावेच लागतात. मार बसला असेल, रोजची गोळी चालू असेल, तर त्याने तिथेच सांगावं. घाबरलेली माणसं नेमकी तिथेच गप्प राहतात. तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स गेटवर द्या. कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवायचं, हेही त्याच कायद्यात आहे. वकील नाही ना? कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. उद्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.