डबा चालेल, पण राकसकोप वेगळं

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात डबा घेऊन बसायचं तर परवानगी लागते का, असं एकानं विचारलंय. माझ्या मते घरच्या चार माणसांनी चटईवर बसून खाणं वेगळं आणि मंडप, स्पीकर लावून वाढदिवस करणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी लेखी विचारावंच. बागा, मैदानं राखायला कर्नाटकात १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे. फाटकावरचा बोर्ड कन्नडमध्ये असला तर कुणाकडून तरी वाचून घ्या, नियम आपल्यालाही तोच.

प्लास्टिकच्या प्लेटा, कप, थर्माकोल तर राज्यात २०१६ पासून बंद आहे. पत्रावळी न्या, स्टीलचे पेले न्या.

मला खरी काळजी राकसकोप धरणाची वाटते. मार्कंडेय नदीवरच्या त्या धरणाचं पाणी आपल्याच नळाला येतं हो! तिथं काठावर भांडी घासणारे, बाटल्या फोडून जाणारे मी स्वतः पाहिलेत. काचा पुढे गुरांच्या पायात जातात.

आणि खानापूरकडे भीमगडला जाणार असाल तर ते अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय आत शिरू नका. चूल तर मुळीच पेटवू नका. उन्हाळ्यात वाळल्या पाल्यावर एक ठिणगीही पुरते.