फवारणीच्या औषधांसाठी गावात सामायिक कुलूपघर: ग्रामपंचायतीनं पैसा तिथं घालावा का?

काळीकसदार (धागाकर्ता)
विष घेऊन होणाऱ्या आत्महत्या रोखायला यवतमाळ-अमरावतीकडच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या खरिपाआधी औषधांचं सामायिक कुलूपघर करावं, असं माझं ठाम मत आहे. जीव द्यायचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं तर माणूस तगतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या दोन गावांत असं कोठार करून पाहिलं, निकाल आशादायक होते.

जागा शेताच्या वाटेवर, विहिरीपासून लांब, खोली हवेशीर. घरटी एक कप्पा. कप्प्याची किल्ली घरात, दाराची राखणदाराकडे, म्हणजे एकट्याला काही काढता येणार नाही. दार सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळीच उघडायचं, उरलेलं औषध आणि रिकामे डबेही तिथंच परत. राखणदाराला मानधन हवंच. फुकटात काम सांगितलं की ऐन फवारणीत दाराची किल्ली खिळ्याला लटकलेली दिसते.

सातबारा
श्रीलंकेत अनुराधापुरात १८० गावांत चाचणी झाली. निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ साली निकाल आला: पेट्या दिलेल्या आणि न दिलेल्या गावांत विष घेण्याच्या प्रमाणात फरक नाही. तिथल्या आत्महत्या घटल्या त्या सर्वांत घातक औषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातल्यामुळे, आणि त्यानं पिकाचा उतारा कमी झाला नाही. मग कप्प्यांवर खर्च कशाला? ग्रामसभेत ठराव करा की डब्यावर लाल त्रिकोण असलेलं, म्हणजे सर्वांत विषारी गटातलं औषध गावात विकायचं नाही.

काळीकसदार
दादा, ती पेटी घरात होती आणि किल्लीही घरातच. कुलूपघराची तुलना तिच्याशी होत नाही. बंदी मलाही हवी आहे, पण ठरावाला दुकानदार बांधील नाही, त्याचा परवाना कृषी खात्याचा. १९६८च्या कीटकनाशक कायद्यात राज्यालासुद्धा ६० दिवस, फार तर आणखी ३० दिवस मनाई करता येते. कायमची बंदी केंद्राच्या हातात. तोवर गावानं बसून राहायचं?

आशागट
तुमच्या वादात ज्या घरात आत्महत्या होऊन गेलीय ते घर राहून जातंय. पुढचा धोका त्याच घरात जास्त असतो. तेरवीपर्यंत घर भरलेलं, नंतर फिरकतात ते फक्त उधारीवाले. गावाचा पहिला पैसा आणि पहिला माणूस तिथं लागला पाहिजे.

शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारी मदत १ लाख रुपये, २००६ पासून तेवढीच. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. मदतीला पात्र ठरायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. हातउसने आणि बिनपरवाना सावकारी धरत नाहीत, तिथंच प्रकरणं अपात्र होतात. व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) तपासणीला गेला की मृत्यूच्या कारणाचा अभिप्राय 'राखून ठेवला' असा शेरा येतो आणि फाईल महिनोन्‌महिने अडते. ठाण्यात आणि तहसिलीत गेलेल्याच्या बायकोसोबत जाणारं एक माणूस नेमून द्या.

वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत. सातबाऱ्यावर नाव चढलं नाही तर त्या जमिनीवर बाईला पीककर्ज मिळत नाही. याच काळात दीर हक्कसोडीचा कागद पुढे करतो, त्यावर तिनं घाईत सही करू नये. संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५०० आणि दर मुलामागे बालसंगोपनाचे २,२५० रुपये, हे अर्ज वेगवेगळे आहेत. पहिला केला म्हणजे दुसरा आपोआप होत नाही.

भेटीला दोघी जा, एक तिच्या वयाची असू द्या. "भांडण झालं होतं का?" हे कधीच विचारू नका. गेलेल्याचं नाव घ्यायला कचरू नका. पहिला पोळा, पहिली दिवाळी आणि वर्षश्राद्ध जड जातात, त्या आठवड्यांत नक्की जा.

सातबारा
हे पटलं. मग ताणाखालच्या सगळ्या घरांची यादी करून ग्रामसभेत वाचा, अख्खं गाव लक्ष ठेवेल.

आशागट
अजिबात नको. यादी वाचली की दुकानातली उधारी बंद होते आणि घरातल्या पोरीची सोयरीक मोडते. पुढच्या वेळी ते घर आशाताईला दारातूनच परत पाठवतं. नावं तिच्याजवळच राहू द्या. तिनं एकांतात सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, घरातलं औषध हलवायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर तिथल्या तिथं फोन लावायचा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि कोणी औषध घेतलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत द्या, डॉक्टरांना नाव कळलं पाहिजे.

काळीकसदार
ताई, मग राखणदारालाही हे शिकवू. तो रोज प्रत्येकाला बघतो.

आशागट
त्याच्यावर चौकशीचं ओझं टाकू नका, गावभर चर्चा होईल. त्याला एवढंच सांगा: फवारणी नसताना किंवा अवेळी कोणी दार उघडायला सांगितलं तर उघडायचं नाही, त्याला चहाला बसवून ठेवायचं आणि मला फोन करायचा. तेवढं होणार असेल तर कुलूपघराला माझा विरोध नाही, पण राखणदाराचं मानधन ठरेल त्याच बैठकीत तहसिलीच्या फेऱ्यांचं भाडंही मंजूर झालं पाहिजे.