मदत हवी आहे: भावाला दुसऱ्या वर्षातच कॉम्प्युटरची डिग्री सोडायची आहे, त्याला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बऱ्याच दिवसांपासून तो बाहेरची कामं घेतोय. वेबसाइट, लहानसहान अ‍ॅप्स, एका व्यावसायिकाचं बिलिंग. पैसे बरे मिळतात, म्हणून आता कॉलेज सोडून पूर्णवेळ हेच करायचं म्हणतो. समजवायला घरच्यांनी मला पुढे केलं, आणि त्याने पहिल्याच चेंडूवर माझी विकेट काढली: "ताई, तू तरी कुठे कॉम्प्युटर शिकलीस?"

खरं आहे. मी बॅकएंड डेव्हलपर आहे (म्हणजे सर्व्हरवर, पडद्यामागे चालणारा कोड लिहिते) आणि या कामातलं जे काही येतं ते हार्वर्डच्या सीएस५० (प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारा ऑनलाइन कोर्स) सारखे फुकटचे कोर्स, डॉक्युमेंटेशन आणि ऑफिसातल्या सीनियर लोकांनी माझा कोड तपासून दिलेले शेरे यांतून आलेलं. पण यात एक गोम आहे जी तो सोयीस्कर विसरतो. माझ्याकडे संख्याशास्त्राची डिग्री आहे. नोकरीच्या फॉर्मवर "पदवीधर" या चौकोनात मला खूण करता येते. त्याचं शिक्षण कागदावर बारावीला थांबेल. एचआरच्या चाळणीत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बिल गेट्सने १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं, हे अर्थातच ऐकवून झालं. (सोडायला आधी मिळावं लागतं, आणि तो माणूस १९६८ पासून शाळेतल्या टर्मिनलवर प्रोग्रॅमिंग करत होता, हे माझं उत्तर. त्याचा परिणाम शून्य.) त्याचा दुसरा मुद्दा मात्र मला आवडला. केंब्रिजचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा सुरू झाला १९५३ मध्ये, अमेरिकेतला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला १९६२ मध्ये. त्याआधीच्या प्रोग्रॅमरांकडे कुठली डिग्री होती? डायक्स्ट्रा या नावाजलेल्या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत व्यवसाय "प्रोग्रॅमर" लिहिला तर कचेरीने तो मानलाच नाही, शेवटी "सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ" लिहावं लागलं. छान गोष्ट आहे, पण तिच्यातच उत्तरही आहे: ही मंडळी गणित-भौतिकशास्त्राचा पाया घेऊन आली होती.

आणि माझी खरी काळजी पायाचीच आहे. त्याच्या बिलिंगचा कोड मी पाहिला. एकूण रक्कम कधीकधी शेवटच्या अंकात चुकायची, म्हणून त्याने जिथे-तिथे राउंड लावून ठेवलं होतं. का, विचारलं तर म्हणे, "कॉम्प्युटर असं करतो कधीकधी." कॉम्प्युटर कधीकधी काही करत नाही! ०.१ ही संख्या कॉम्प्युटरच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमकी मावतच नाही, म्हणून ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ असं येतं, दरवेळी येतं. पैशांचा हिशेब पूर्णांकात किंवा डेसिमल प्रकारात ठेवायचा असतो. पुढे ग्राहकांची यादी बिलांशी जुळवायला लूपमध्ये लूप, म्हणजे प्रत्येक ग्राहकासाठी सगळी बिलं पुन्हा पहिल्यापासून तपासायची. आज दोनशे नोंदी आहेत म्हणून चाललंय. दोन्हीकडे एक लाख झाल्या तर हजार कोटी तुलना होतील. तिथे हॅशमॅप (नाव दिलं की नोंद थेट काढून देणारी रचना) हवा, हे त्याला माहीत नाही यापेक्षा, असा प्रश्न इथे विचारायचा असतो हेच माहीत नाही, याचं मला जास्त वाटतं. एकट्याने शिकताना जे अडलं तेवढंच आपण शोधतो; जे अडलंच नाही ते राहून जातं.

पण लगेच हेही सांगते की त्याचे वर्गमित्र हे सगळं पाठ करून पास झालेत आणि गिटमधला (कोडचे बदल सांभाळणारं साधन) एक मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांच्या बदलांची टक्कर, त्यांना सुटत नाही. तो चालू सिस्टिम सांभाळतो, ग्राहकाचा फोन घेतो, रात्री बसून लॉग (सिस्टिमने केलेल्या कामांच्या नोंदी) वाचतो. मुलाखत घ्यायची वेळ आली तर मी त्यालाच घेईन. त्यामुळे "डिग्रीशिवाय काही होत नाही" हे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

परदेशाचं थोडं शोधलं. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो. ढोबळ हिशेब असा की राहिलेल्या प्रत्येक शैक्षणिक वर्षामागे तीन वर्षांचं काम. म्हणजे दोन वर्षं वाचवायची आणि सहा वर्षांनी फेडायची. जर्मनीने मात्र नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवी नसली तरी ब्लू कार्डाची (युरोपातल्या कुशल कामगारांसाठीच्या राहण्या-कामाच्या परवान्याची) वाट उघडली आहे: गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा संबंधित अनुभव आणि ठरलेला किमान पगार असेल तर.

मला स्वतःला मधला रस्ता बरा वाटतो: कॉलेज न सोडता कामं कमी करायची, मार्कांच्या मागे लागायचं नाही, पण डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि डेटाबेस हे चार विषय मनापासून करायचे. तो म्हणतो हे चार विषय घरी बसूनही होतात. होतात, पण हातात पैसे देणारं काम असताना कोण करतं?

तर विचारायचंय ते असं. बारावीनंतर थेट कामाला लागलेले कोणी इथे आहेत का? पहिली नोकरी कशीबशी मिळते हे मला माहीत आहे. दुसरी-तिसरी बदलताना, टीम लीडच्या जागेसाठी, कागद आडवा आला का? आणि मधेच सोडून नंतर दूरशिक्षणाने डिग्री पूर्ण केली असेल तर भरती करणाऱ्यांनी ती कितपत धरली?

उत्तर देताना तुमच्याकडे डिग्री आहे की नाही, आणि तुम्ही मुलाखती देता की घेता, एवढं कृपया लिहा. धागा त्यालाही वाचायला देणार आहे, तेव्हा रागावलात तरी चालेल, फक्त "आमच्या वेळी" नको. ते घरी भरपूर झालंय.