मदत हवी आहे: ६४ आणि ५ सारखे कसे?

अडलेला_जीव: उद्या पेपर आहे, पटकन सांगा. ऑक्सिजनचा फरक ६४, कार्बन डायॉक्साइडचा जेमतेम ५. तरी फुप्फुसांत दोन्हींची देवाणघेवाण जवळपास सारखीच कशी? पुस्तकात 'विसरणाने' (म्हणजे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे पसरून) एवढं लिहून मोकळे झालेत.

खवचट_खार: फरक कशाचा? मार्कांचा?

अडलेला_जीव: आंशिक दाबाचा हो, मिश्रणात एकेका वायूच्या वाट्याला येणाऱ्या दाबाचा! मिमी पारा. ऑक्सिजन वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशवीत, १०४, तिथे येणाऱ्या रक्तात ४०. कार्बन डायॉक्साइड रक्तात ४५, वायुकोशात ४०.

दीर्घश्वास: रोज अनुलोम-विलोम करा. माझा दमा निम्म्यावर आला.

खवचट_खार: त्याला दमा नाही, पेपर आहे.

रक्तपेढी: १०४ नव्हे, १०० धरतात.

भिंगवाला: दोन्ही आकडे पुस्तकांत सापडतात, त्यावरून भांडू नका. कार्बन डायॉक्साइड द्रवात कितीतरी जास्त विरघळतो, म्हणून तेवढ्याच दाबफरकाला ऑक्सिजनच्या साधारण २० पट वेगाने वायुकोश आणि रक्त यांमधल्या पडद्यातून जातो. त्याला ५ पुष्कळ झाले. पडदा तरी केवढा, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास!

रक्तपेढी: हे अर्धंच उत्तर. लाल पेशी केशवाहिनीतून जायला पाऊण सेकंद घेते, ऑक्सिजनचा दाब पहिल्या पाव सेकंदातच बरोबरीला येतो. म्हणजे विश्रांतीत वेग दोघांनाही पुरून उरतो. खरा प्रश्न, दाब बदलला की रक्त किती वायू घेतं किंवा सोडतं. कार्बन डायॉक्साइड बहुतांश बायकार्बोनेटच्या रूपात असतो. दाब ५ने उतरला की १०० मिली रक्तातून ४ मिलीच्या आसपास वायू सुटतो. उलट हिमोग्लोबिन येतानाच ७५ टक्के भरलेलं, त्यामुळे दाब ६० चढूनही ऑक्सिजन वाढतो जेमतेम ५ मिली.

भिंगवाला: पेपरात एवढं कोण लिहितं? २० पट लिही, आकृती काढ, पुढे जा.

रक्तपेढी: म्हणूनच पुढे जाऊन सगळे अडतात.

उगीचच: सिगारेट सोडा. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २००हून जास्त पट घट्ट धरतो.

खवचट_खार: हे कुणी विचारलं?

अडलेला_जीव: अहो, मी नेमकं काय लिहू? प्रश्नात 'फिकच्या नियमाच्या आधारे स्पष्ट करा' असं आहे.

भिंगवाला: हे आत्ता सांगतोयस? मग वेगाचंच लिही, फिकचा नियम तोच सांगतो. पडद्याचं क्षेत्रफळ, दाबफरक आणि विसरणक्षमता (वायू पडद्यातून किती सहज पसरतो ते) वाढली की वेग वाढतो, पडद्याची जाडी वाढली की घटतो. दाबफरक कमी पडतो ते विसरणक्षमता भरून काढते.

रक्तपेढी: लिही. पण बायकार्बोनेटची एक ओळ घालच.